यिशुनमधली डॅनिश उजळणी

रविवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्याकडे कोणी आलं, तर त्यांना थोडा वेळ गप्प बसून राहावं लागतं. त्या वेळी माझा डॅनिशचा तास चालू असतो. माझी शिक्षिका साडेचार वर्षांची आहे, डेन्मार्कमध्ये ऑर्हूस शहरात राहते आणि स्वभावाने फार कडक आहे. उच्चार चुकला की ती मान हलवते आणि ठणकावून सांगते, "नाय!"

तुम्हाला वाटेल, नात मालवणी बोलते. तसं नाही. डॅनिशमध्ये 'नाही'ला 'नाय'च म्हणतात. हा शब्द मला शिकावाच लागला नाही.

ह्या तासाची सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. नात तेव्हा साडेतीन वर्षांची होती. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला काहीतरी दाखवायची, नाव विचारायची. त्या दिवशी आमच्या कॉरिडॉरमधल्या कुंडीत जास्वंद फुललं होतं. ते तोडून मी कॅमेऱ्यासमोर धरलं आणि विचारलं, "सांग बरं, हे फूल कोणत्या रंगाचं?"

ती लगेच काहीतरी म्हणाली. मला ते 'रोल' असं ऐकू आलं. मी म्हटलं, "नाही गं, लाल. म्हण, लाल." तिने पुन्हा तेच सांगितलं. मी पुन्हा "लाल." तिसऱ्या वेळेला तिने माझ्याकडे बघितलं, टॅबलेट बाजूला सारला आणि आईला काहीतरी सांगून निघून गेली. पडद्यावर नुसतं छत दिसत राहिलं.

"काय म्हणाली गं?" मी लेकीला विचारलं.

लेक जरा घुटमळली. "काही नाही आई. ती म्हणाली, मोरमोरला कळत नाही."

मोरमोर म्हणजे मी. डॅनिशमध्ये 'मोर' म्हणजे आई, आणि आईची आई ती 'मोरमोर'. वडिलांची आई 'फारमोर'. इंग्रजीसारखा सगळ्या आज्यांना एकच शब्द नाही. आत्याला आणि मावशीलाही वेगवेगळे शब्द आहेत, काका-मामांनाही. मला ह्या गोष्टीचं फार कौतुक वाटायचं. पण त्या दिवशी 'मोरमोरला कळत नाही' हे वाक्य माझ्या मनात जाऊन बसलं, कारण ते मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. ह्याच घरात.

आम्ही १९९३ मध्ये यिशुनला आलो. लेक तेव्हा तीन वर्षांची होती. १९९६ मध्ये माझी आई वाईहून तीन महिन्यांसाठी इथे आली. तोवर लेक बालवाडीत रुळली होती आणि घरातही इंग्रजीच बोलू लागली होती. पुढे शाळेत 'मातृभाषा' हा विषय आला, तेव्हा मराठीचा पर्याय नव्हताच. तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू एवढ्याच भारतीय भाषा घेता येत होत्या. म्हणून आमच्या लेकीची कागदावरची मातृभाषा हिंदी झाली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरची हीच कथा असेल.

तर आई आली होती. दिवेलागण झाली की ती नातीला जवळ बसवायची, शुभंकरोती म्हणायची आणि मग उजळणी सुरू करायची. एक ते शंभर, पाढे, आणि त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन ह्यांचे पाढे. साडेतीनला जुना शब्द औट. आईला हे सगळं मुखोद्गत होतं. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, मागोमाग मेट्रिक मापं आली आणि आमच्या शाळेतून हे पाढे हळूहळू गेले. मी ते ऐकले ते फक्त आईच्या तोंडून, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या.

लेक दोन-तीन दिवस बसली. मग एका संध्याकाळी उठून इंग्रजीत म्हणाली, आजीला काही कळत नाही. मी स्वयंपाकघरात होते, मला हसू आलं. "काय म्हणाली गं ती?" आईने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." आणि वर हेही म्हटलं, "आई, इथे मुलांना पुढे कॅल्क्युलेटर देतात. तुझ्या त्या औटकीचं काय लोणचं घालायचंय?"

आईने उजळणी बंद केली. उरलेले दोन महिने आजी आणि नात ह्यांच्यात "जेवलीस?" "यस" एवढंच बोलणं उरलं. २००९ मध्ये आई गेली. त्या दोघींचं खरं असं बोलणं कधी झालंच नाही.

म्हणून लेक जेव्हा तिकडून तेच शब्द म्हणाली, "काही नाही आई," तेव्हा मला हसू आलं नाही.

आमच्या शेजारी एक चिनी आन्टी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांची घरची भाषा तेवच्यू. १९७९ मध्ये इथे 'मँडरिन बोला' ही मोहीम सुरू झाली. चिनी कुटुंबांनी आपापल्या बोली बाजूला ठेवून मँडरिन बोलावी, असा आग्रह होता. काही वर्षांत रेडिओ-टीव्हीवरचे बोलीतले कार्यक्रमही थांबले. आन्टींचा नातू इंग्रजी आणि मँडरिन बोलत मोठा झाला, आजीला दोन्ही येत नव्हत्या. मी त्यांना जास्वंदीची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे सांगितलं, की साठीनंतर त्या टीव्हीवरच्या मालिका बघून मँडरिन शिकल्या. फार नाही, नातवाला शाळेत काय झालं ते विचारण्यापुरती. "तू लवकर सुरू कर," त्या म्हणाल्या. "मूल थांबत नाही."

खरं तर आपल्या यिशुनचं नावही अशीच भाषा बदलून बसलेलं आहे. लिम नी सून (१८७९–१९३६) हे रबर आणि अननसाच्या धंद्यातले मोठे व्यापारी. त्यांच्या नावावरून ह्या भागाला नी सून म्हणत. तो तेवच्यू उच्चार. इथे नवं नगर उभं राहिलं, तेव्हा त्याच चिनी अक्षरांचा मँडरिन उच्चार घेतला, आणि नी सूनचं यिशुन झालं. मतदारसंघ मात्र अजून नी सून नावानेच ओळखला जातो. आन्टी आजही 'नी सून' म्हणतात, त्यांचा नातू 'यिशुन' म्हणतो, आणि दोघं एकाच घरात राहतात.

दुसऱ्या दिवशी मी वही आणली. लेकीला म्हटलं, मला फक्त रंग आणि आकडे लिहून पाठव. व्याकरण नको, वाक्यं नकोत. साडेतीन वर्षांच्या मुलीच्या बोलण्यात निम्मं तेच तर असतं. लाल गाडी, दोन बिस्किटं, निळा मोजा कुठे गेला.

रंग मी पाठ केले ते एमआरटीच्या नकाशावर. यिशुनहून कुठेही निघा, गाडीच्या दारावर तो नकाशा असतोच. आपला उत्तर-दक्षिण मार्ग लाल, म्हणजे 'रोद'. पूर्व-पश्चिम हिरवा, तो 'ग्रन'. ईशान्येचा जांभळा, तो 'लिला'. वर्तुळाकार मार्ग नारिंगी, तो 'ओरांशे'. डाउनटाउन निळा, तो 'ब्लॉ'. थॉमसन-ईस्ट कोस्ट तपकिरी, तो 'ब्रून'. एलआरटी करडी, ती 'ग्रॉ'. मंगळवारी भाजीला लिट्ल इंडियाला जाताना मी पुटपुटायची, यिशुन ते न्यूटन रोद, मग एक स्टेशन ब्लॉ. समोर बसलेल्यांना वाटत असेल, बाई जप करतायत.

नकाशात नसलेले रंग राहिले. पांढरा 'वीद', काळा 'सोर्ट', गुलाबी 'ल्यूसेरोद', म्हणजे शब्दशः फिका लाल. आणि पिवळा 'गूल'. तो मी गुळावरून लक्षात ठेवला. कोल्हापुरी गुळाची पिवळीधमक ढेप डोळ्यांसमोर आणायची, की शब्द आलाच.

अडचण एकाच रंगाची होती, आणि तो नेमका पहिलाच, लाल. 'रोद' हे मी आपलं लिहायचं म्हणून लिहिलं. खरा उच्चार देवनागरीत मावत नाही. सुरुवातीचा र घशातून येतो, मधला स्वर ओ आणि ए ह्यांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि शेवटचा द म्हणजे द नाही, ध नाही आणि ल तर नाहीच. जीभ खालच्या दातांमागे सैल ठेवायची आणि द म्हणायचा नुसता विचार करायचा. म्हणूनच मला तो पहिल्या दिवशी 'रोल' ऐकू आला होता. जावयांनी मला धीर दिला. लाल फळांच्या खिरीसारखा एक गोड पदार्थ तिकडे साईबरोबर खातात. त्याचं नाव कागदावर 'रोद-ग्रोद मेद फ्लोदे' असं दिसतं, आणि आलेल्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला ते म्हणायला लावून डॅनिश लोक हसतात. आपण कसं 'चटईला टाचणी टोचली' म्हणायला लावतो, तसंच.

तीन आठवडे मी सराव केला. मग एका रविवारी त्याच कुंडीतलं जास्वंद धरलं आणि विचारलं काहीच नाही. मीच म्हटलं, "रोद."

नात खेळत होती, ती थांबली. जवळ आली. "नाय," ती म्हणाली. "रोद." मी पुन्हा म्हटलं. "नाय. रोद." मला दोन्हींत काही फरक कळत नव्हता, पण ती जायला निघाली नव्हती, एवढं मात्र कळत होतं. दहा मिनिटं आमचं हेच चाललं. शेवटी तिने सुस्कारा सोडला आणि मोठ्या उदारपणे मला पुढच्या रंगात घातलं. तिच्या टोपलीत लेगोचे ठोकळे होते. लेगो हे डेन्मार्कचंच, हे तुम्हाला ठाऊक असेलच. एकेक ठोकळा उचलून ती दाखवायची, मी रंग सांगायचा. त्या दिवसापासून शिक्षिका ती आणि विद्यार्थिनी मी.

मग आकडे. एक ते दहा सोपे गेले. एन, तो, त्रे, फीर, फेम, सेग्स, स्यू, ओदे, नी, ती. मराठी कानाला ह्यात गंमत अशी, की 'तो' म्हणजे दोन आणि 'ती' म्हणजे दहा. आमच्या ह्यांनी ऐकून म्हटलं, "बरोबरच आहे, एक ती म्हणजे पाच तो." मी त्यांना पुढे शिकवलं नाही.

थोडं कान देऊन ऐकलं तर त्यांतल्या काही शब्दांची ओळख पटते. त्रे म्हणजे आपलं त्रि, ओदे म्हणजे आठ, नी म्हणजे नऊ. नाती जुनी आहेत. युरोपातल्या भाषांचं आपसातलं नातं नियम लावून दाखवणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी एक रास्मुस रास्क (१७८७–१८३२). तो डॅनिशच होता, आणि १८२० मध्ये तो आपल्या मुंबईत येऊन गेला. पारशांच्या धर्मग्रंथांची हस्तलिखितं त्याने कोपनहेगनला नेली. आणखी एक धागा मला वाचताना सापडला. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं ते बंगालमधल्या श्रीरामपूरला. ते गाव त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात होतं. म्हणजे मराठी व्याकरणाचं ते पुस्तक डॅनिश झेंड्याखाली छापलं गेलं होतं. जावयांना हे सांगितलं तेव्हा त्यांनाही नवल वाटलं.

वीसपर्यंत मी ऐटीत पोहोचले. वीसला 'त्यूवे' म्हणतात, आणि चोर ह्या शब्दाचं अनेकवचनही 'त्यूवे'च. एकवीस म्हणजे 'एन-ओ-त्यूवे', एक-आणि-वीस. आपल्यासारखंच, आधी एकम मग दशक. इंग्रजीत उलटं. मला वाटलं, ही भाषा तर घरचीच निघाली. आणि तेवढ्यात फजिती झाली.

सरावासाठी मी जावयांना म्हटलं होतं, की कॉलची वेळ मला डॅनिशमध्ये कळवत जा. डिसेंबरातल्या एका शनिवारी त्यांचा निरोप आला, 'हाल्व ती'. हाल्व म्हणजे अर्धा, ती म्हणजे दहा. मी म्हटलं, साडेदहा. हिवाळ्यात आपण त्यांच्या सात तास पुढे असतो, म्हणजे आपले साडेपाच. त्या दिवशी नातीचा शाळेतल्या नाताळच्या नाचाचा पोशाख मला दाखवायचा बेत होता. शाळा म्हणजे त्यांची बालवाडी, 'बोर्नेहावे', शब्दशः मुलांची बाग. मी साडेपाचला कॉल लावला. लेक म्हणाली, "आई, आम्ही साडेचारपासून वाट बघत होतो. ती पोशाख घालून बसली होती पडद्यासमोर. आत्ताच रडत रडत काढून टाकला."

मला काही सुचेना. मी म्हटलं, "अगं, पण हाल्व ती म्हणजे..."

"साडेनऊ, आई. दहाव्यातला अर्धा. नऊ पूर्ण झाले आणि दहावा अर्धा झाला. इथे असंच म्हणतात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दहाव्यातला अर्धा म्हणजे साडेनऊ. मग 'हाल्व तो' म्हणजे दुसऱ्यातला अर्धा, दीड. 'हाल्व त्रे' म्हणजे तिसऱ्यातला अर्धा, अडीच. आणि अंथरुणात उठून बसले. दीड आणि अडीच! आपण साडेएक आणि साडेदोन म्हणत नाही. का म्हणत नाही, हा प्रश्न जन्मात पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शब्दकोश काढून बसले. अडीच हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय'वरून आलेला आहे, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. दीडमध्येही दुसरा आणि अर्धा हेच दोन शब्द झिजून बसले आहेत. आणि आईचं औट? ते 'अर्धचतुर्थ'. चौथा अर्धा, साडेतीन. सम्राट अशोकाच्या लघु शिलालेखातही अडीच वर्षं असंच, तिसरं अर्धं ह्या अर्थाने कोरलेलं आहे. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे ज्या रीतीने मोजत, त्या रीतीने माझे जावई आजही घड्याळ सांगतात. दीडला डॅनिशमध्ये आजही एकच शब्द आहे, 'हालआनेन', दुसरा अर्धा. इंग्रजीत दीडला असा रोजचा सुटसुटीत शब्द नाही, हे आपण मुलांना मराठी शिकवताना अभिमानाने सांगतो. डॅनिश आईदेखील ते सांगू शकेल.

पण खरी गंमत पुढेच होती. चाळीसपर्यंत डॅनिश आकडे सरळ चालतात. पन्नास आले की घाट लागतो. पन्नास 'हाल्ट्रेस', साठ 'त्रेस', सत्तर 'हाल्फ्येर्स', ऐंशी 'फियर्स', नव्वद 'हाल्फेम्स'. परदेशी माणूस इथेच पुस्तक मिटतो. हे आकडे मुळात विसांनी मोजलेले आहेत. त्रेस म्हणजे तीन वेळा वीस, आणि फियर्स म्हणजे चार वेळा वीस. आपल्याकडेही खेड्यात जुनी माणसं तीन विसा, चार विसा म्हणायचीच. मधले जे अडतात, त्यांची किल्ली हीच, अर्ध्याची. हाल्ट्रेस म्हणजे 'तिसरा अर्धा' वेळा वीस. अडीच विसा, पन्नास. हाल्फ्येर्स म्हणजे 'चौथा अर्धा' वेळा वीस. औट विसा, सत्तर. हाल्फेम्स म्हणजे साडेचार विसा, नव्वद.

मी वहीत लिहीत होते आणि पेन थांबलं. कारण कानात आईचा आवाज आला. वाईच्या घरातला, अंधारातला, एका लयीतला. एक औट साडेतीन, दोन औट सात... आणि त्याच लयीत पुढे, वीस औट सत्तर.

वीस औट सत्तर. हाल्फ्येर्स म्हणजे नेमकं तेच. अडीचकीतली वीस अडीच पन्नास ही ओळ म्हणजे हाल्ट्रेस. ज्या उजळणीचं लोणचं घालायचं नव्हतं, तिच्याच दोन ओळींनी मला नातीची भाषा उलगडून दिली होती. आणि ज्या बाईने ती मला दिली, तिला मी ह्याच घरात, ह्याच टेबलापाशी, गप्प केलं होतं. मी पेन खाली ठेवून बराच वेळ तशीच बसले. ह्यांनी चहा आणून ठेवला, काही विचारलं नाही.

संध्याकाळी जावयांना फोनवर हे सगळं समजावलं. ते म्हणाले, "आई, हाल्फ्येर्समध्ये साडेतीन आहे हे मला कोणी कधी सांगितलंच नाही. आम्ही नुसतं पाठ करतो." आपण तरी काय करतो? अडीच म्हणताना कोणाला तिसरा आठवतो?

ह्या अभ्यासात माझं एक मत बदललं, तेही सांगते. जून २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून मोठा गदारोळ झाला होता. एकवीसच्या जोडीला 'वीस एक', बावीसच्या जोडीला 'वीस दोन' असं वाचन त्यात दिलं होतं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर ह्यांचं म्हणणं होतं, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम ह्यांमुळे लहान मुलं अडखळतात. टीका झाली, विनोद झाले, विधानसभेतही टोलेबाजी झाली. मीसुद्धा यिशुनमध्ये बसून वहिनीशी फोनवर तावातावाने बोलले होते, की भाषा बिघडवायला निघालेत. नॉर्वेने हेच १९५१ मध्ये केलं होतं. तिथेही पूर्वी एक-आणि-वीस म्हणत, ते बदलून वीस-एक असं अधिकृत केलं, आणि त्यामागे टेलिफोनवर आकडे सांगताना होणाऱ्या चुका हे एक मोठं कारण होतं. डॅनिश लोक मात्र आपल्या विसांवर ठाम राहिले.

आता मी बासष्टाव्या वर्षी 'स्यू-ओ-हाल्फेम्स' म्हणजे सत्त्याण्णव हे जुळवत बसले, तेव्हा मला माझी लेक आठवली. "आई, सदुसष्ट म्हणजे सिक्स्टी-सेव्हन ना? आणि एकोणसत्तर म्हणजे सेव्हन्टी-वन?" असं विचारणारी. आम्ही हसायचो. ती ओशाळायची. मग तिने मराठीत आकडे म्हणणंच सोडून दिलं. आपल्या मंडळात भेटणारी कितीतरी मुलं उत्तम मराठी बोलतात आणि किंमत मात्र इंग्रजीत सांगतात, त्यामागे असं एखादं हसणं असेल का, असं मला आता वाटतं. मराठी आकडे बदलावेत, असं मी म्हणणार नाही. औटाची गंमत कळल्यावर तर नाहीच. पण ते अवघड आहेत हे मोठ्यांनी एकदा कबूल करायला हवं, आणि चुकणाऱ्याला हसू नये. माझी शिक्षिका मला रागावते, पण हसत नाही.

तुम्ही विचाराल, मग नात मराठी बोलायला लागली का? खरं सांगायचं तर थोडंसं. तिला तीसेक शब्द येतात. ती मला डॅनिश रंग विचारते, मी उत्तर देते आणि मागोमाग मराठी शब्द ठेवून देते, जेवणाच्या पानात मीठ वाढावं तसा. घेतलं तर घेतलं. पूर्वी मी "म्हण, लाल" म्हणायची, आता 'म्हण' हा शब्द मी सोडून दिला आहे. 'गाडी'ला ती 'निळा गाडी' म्हणते, आणि मी 'निळी' अशी दुरुस्ती लगेच करत नाही, कारण मी स्वतः 'लाल घर' म्हणताना 'रोद' ऐवजी त्यांचं नपुंसकलिंगी रूप वापरायचं हमखास विसरते. त्यांच्याकडे दोनच लिंगं, तरी मी चुकते. आपल्याकडे तीन. तिच्यावर कसली रागावू?

एक शब्द मात्र तिने आपणहून उचलला. गणपतीत मी आईची जुनी पैठणी नेसून कॉल केला होता. नातीने रंग विचारला. मी विचार केला, हिरवा म्हणू की निळा, ग्रन की ब्लॉ? मग म्हटलं, "मोरपंखी."

ती एकदम खूश झाली. "मोरमोरपंखी?"

मोर म्हणजे कोण, हे तिला कसं सांगणार! तिच्या दृष्टीने तो मोरमोरचा रंग होता. आता तिच्या खडूंच्या पेटीतल्या त्या एका खडूला डॅनिश नावच उरलेलं नाही. बालवाडीतल्या बाईंनाही ती तेच नाव सांगते, असं लेक म्हणते.

लेकीतही काही हललं आहे. परवा ती म्हणाली, "आई, ती आजीची औटकी तुला पूर्ण येते का गं?" मला पूर्ण येत नाही. येतात त्या ओळी मी लिहून पाठवल्या, राहिलेल्या जागा मोकळ्या सोडल्या. पुढच्या वेळी वाईला जाईन तेव्हा वहिनीच्या सासूबाईंना विचारणार आहे. त्यांना अजून आठवत असेल.

गेल्या महिन्यात माझा वाढदिवस झाला. नातीने कागदाचा मुकुट घालून त्यांचं वाढदिवसाचं गाणं म्हटलं आणि मग शिक्षिकेच्या आवाजात प्रश्न टाकला, मोरमोर किती वर्षांची? मी तयारी करून बसले होते. त्रेस म्हणजे तीन विसा, साठ. वर तीन. छाती भरून म्हटलं, "त्रे-ओ-त्रेस."

ती 'नाय' म्हणाली नाही. मान डोलावली. मग मी नेहमीप्रमाणे हळूच मराठी शब्द ठेवून दिला, "त्रेसष्ट."

तिने डोळे बारीक केले. मनाशी दोन्ही म्हणून बघितले. त्रे-ओ-त्रेस, त्रेसष्ट. त्रे-ओ-त्रेस, त्रेसष्ट. मग टॅबलेट उचलून स्वयंपाकघरात धावली आणि आईला ओरडून सांगितलं. पडद्यावर कधी फरशी, कधी छत, कधी तिचा मुकुट असं काहीबाही दिसत होतं. लेकीचं हसणं ऐकू आलं.

"काय म्हणाली गं?" मी विचारलं.

"म्हणाली, मोरमोरला कळतं."